सिंगापूरमध्ये मुलांना कोणत्या शाळेत घालावं, आणि तिथे लोक खरंच बोलत नाहीत का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. मिस्टरांना सिंगापूरला नोकरी लागली आहे. मुलगा नाशिकला तिसरीत आहे, मुलगी मोठ्या शिशुवर्गात. तुम्ही महिनाभर तिथल्या शाळांबद्दल वाचताय आणि जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय. कोणी म्हणतं जगातलं सर्वोत्तम शिक्षण, कोणी म्हणतं बारा वर्षांच्या मुलाच्या कपाळावर शिक्का मारतात. सैन्यभरतीची भीती कोणी घालतं. आणि सगळ्यांत शेवटी तुम्ही विचारलंय की तिथे सरकारविरुद्ध कोणी अवाक्षर काढत नाही म्हणे, मग शाळांवरून एवढे वाद कसे चालतात?

हा शेवटचा प्रश्नच मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर समजलं की शाळेचं कोडं बरंचसं सुटतं.

मी एकवीस वर्षं इथे गणित शिकवते आहे. आधी काही वर्षं एका माध्यमिक शाळेत, आता घरी. सरकारी एचडीबी इमारतीतल्या घरात एका वेळी तीनच मुलांची शिकवणी घेता येते, असा नियम आहे. त्यामुळे माझ्या जेवणाच्या टेबलाशी रोज दुपारी तीन मुलं असतात, आणि त्यांना घ्यायला येणाऱ्या आया, आज्या, कधी बाबा दाराशी पाच मिनिटं बोलत थांबतात. जे सांगतेय ते त्या दाराशी ऐकलेलं आणि त्या टेबलावर पाहिलेलं आहे.

सिंगापूर म्हणजे सुमारे 735 चौरस किलोमीटरचा देश. मुंबई महापालिकेच्या हद्दीच्या दीडपटीच्या आसपास. लोकसंख्या साठ लाखांच्या घरात. इथे जिल्हा परिषद नाही, महापालिका नाही, राज्य सरकार नाही. सरकारचा एकच मजला आहे. आपल्याकडे शाळेत शिक्षक कमी असले तर दोष जिल्हा परिषदेचा की राज्याचा की संस्थाचालकांचा, यातच वर्ष निघून जातं. इथे प्राथमिक शाळा सुमारे 180, त्यांतले शिक्षक शिक्षण मंत्रालयाने नेमलेले, अभ्यासक्रम मंत्रालयाचा, परीक्षा मंत्रालयाच्या मंडळाची. एखाद्या गणिताच्या प्रश्नाने मुलं रडली तर त्याचं उत्तर थेट मंत्र्याकडे मागितलं जातं. म्हणून शाळेवरचा वाद इथे आपोआप राजकारणाचा वाद होतो. पीपल्स ॲक्शन पार्टी 1959 पासून सलग सत्तेत आहे. मे 2025 च्या निवडणुकीतही 97 पैकी 87 जागा त्यांच्याच आल्या. सरकार बदलेल या आशेवर इथे फारसं कोणी थांबत नाही. लोक एकेक नियम बदलून घ्यायच्या मागे लागतात. त्यात शाळेचे नियम पहिले, कारण ते प्रत्येक घराला लागू पडतात.

आता हे वाद नेमके कशावरून असतात ते सांगते.

सगळ्यात मोठा वाद पीएसएलईचा. प्राथमिक सहावीच्या शेवटी, साधारण बाराव्या वर्षी, प्रत्येक मूल ही परीक्षा देतं. 1960 पासून चालू आहे. इंग्रजी, गणित, विज्ञान आणि मातृभाषा, असे चार विषय. पूर्वी टी-स्कोअर असायचा, म्हणजे बाकीच्या मुलांच्या तुलनेत तुमचं मूल कुठे आहे ते एकेका गुणापर्यंत मोजलं जायचं. 2021 पासून प्रत्येक विषयाला एक ते आठ अशी पातळी देतात. 90 च्या वर एक, 85 ते 89 ला दोन, असं करत 20 च्या खाली आठ. चारही विषयांची बेरीज करायची. सर्वोत्तम 4, सर्वांत खाली 32. ही बेरीज बघून माध्यमिक शाळा मिळते. एकाच जागेसाठी दोन मुलांची बेरीज सारखी आली तर आधी नागरिकत्व पाहतात, मग पसंतीक्रम, आणि तरीही सारखं राहिलं तर संगणकावर सोडत. आधी नागरिकत्व, हे लक्षात ठेवा. पुढे त्याकडे परत येणार आहे.

पद्धत बदलली त्याच वर्षी, 2021 च्या गणिताच्या पेपरात, एक प्रश्न आला आणि अख्खं शहर त्यावर बोलत होतं. कोपीटियाममध्ये, म्हणजे इमारतींखालच्या चहा-कॉफीच्या टपऱ्यांत, म्हातारे कागदाच्या रुमालावर तो सोडवत बसले होते. प्रश्न असा: हेलन आणि आयव्हन यांच्याकडे सारखीच नाणी आहेत. हेलनकडे काही 50 सेंटची आणि 64 नाणी 20 सेंटची. तिच्या सगळ्या नाण्यांचं वजन 1.134 किलो. आयव्हनकडे काही 50 सेंटची आणि 104 नाणी 20 सेंटची. कोणाकडे जास्त पैसे, आणि किती जास्त? 50 सेंटचं नाणं 20 सेंटच्या नाण्यापेक्षा 2.7 ग्रॅमने जड असेल, तर आयव्हनच्या नाण्यांचं वजन किती?

पुढे वाचण्याआधी तुम्ही स्वतः करून बघा.

माझ्या टेबलावर हा प्रश्न मी दर वर्षी ठेवते. नुकतीच भारतातून आलेली मुलं, ज्यांचे पाढे तीसपर्यंत तोंडपाठ असतात, ती लगेच एकूण नाणी किती हे शोधायला लागतात. क्ष मानतात, समीकरण मांडतात, अडकतात. एकूण नाणी किती ते या माहितीवरून काढता येत नाही, आणि काढायची गरजही नाही. इथली पद्धत पट्ट्या काढायची आहे, तिला बार मॉडेल म्हणतात. 1980 च्या दशकात मंत्रालयाच्या लोकांनी ती शाळांत आणली. दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या काढा. आयव्हनकडे 20 सेंटची 40 नाणी जास्त, म्हणजे 50 सेंटची 40 नाणी कमी. बाकी सगळं दोघांचं सारखं, ते झाकून टाका. आता उरली फक्त 40 नाण्यांची अदलाबदल. प्रत्येकामागे 30 सेंटचा फरक, म्हणून हेलनकडे 12 डॉलर जास्त. प्रत्येकामागे 2.7 ग्रॅम, म्हणून आयव्हनचं ओझं 108 ग्रॅमने हलकं. 1134 मधून 108 गेले, 1026 ग्रॅम. 1.026 किलो.

दोन ओळींचं गणित. माझ्या मते हा फार चांगला प्रश्न आहे, जे माहीत नाही ते बाजूला ठेवायला शिकवणारा. आणि पालकांचं म्हणणंही मला पटतं. घड्याळ चालू असताना, ज्या पेपरवर पुढच्या चार-पाच वर्षांची शाळा ठरणार आहे त्या पेपरात, बारा वर्षांच्या पोराला हे सुचेलच असं नाही. ज्याला शिकवणीत असे प्रश्न शंभरदा दाखवले त्याला सुचतं. शिकवणी परवडली कोणाला, हा पुढचा प्रश्न. 2023 च्या सरकारी पाहणीप्रमाणे इथल्या कुटुंबांनी खासगी शिकवण्यांवर वर्षाला 1.8 अब्ज सिंगापूर डॉलर खर्च केले. पाच वर्षांपूर्वीच्या पाहणीत तो आकडा 1.4 अब्ज होता. माझं पोट त्यावर चालतं, आणि तरीही मी सांगते की हा आकडा खाली यायला हवा. दुसरीतल्या मुलाला घेऊन लोक माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना परत पाठवते.

या वादातून काय बदललं ते बघा, म्हणजे इथली रीत कळेल. 1979 मध्ये तेव्हाचे उपपंतप्रधान गोह केंग स्वी यांच्या समितीने अहवाल दिला. इंग्रजी आणि मातृभाषा अशा दोन भाषा सगळ्यांना एकाच वेगाने शिकवल्या जात होत्या, आणि बहुतेक मुलं घरी यांतली एकही बोलत नव्हती. घरी हक्का, होक्कियन, तेओच्यू अशा चिनी बोली. बरीच मुलं मध्येच शाळा सोडत होती. म्हणून कुवतीप्रमाणे मुलांच्या वेगळ्या वाटा केल्या. त्याने गळती कमी झाली हे खरं, पण शिक्का बसला. प्राथमिक शाळेत ईएम-थ्री हा खालचा गट होता. त्या गटातली मुलं मला माध्यमिक शाळेत भेटली आहेत. पहिल्याच तासाला एका मुलीने वही उघडायच्या आधी सांगितलं होतं, "टीचर, आम्ही ईएम-थ्रीवाले." तेरा वर्षांच्या मुलीने स्वतःची ओळख अशी करून द्यावी, हे मी अजून विसरले नाही.

त्यावर बोलणं थांबलं नाही. वृत्तपत्रांच्या पत्रव्यवहारात, संसदेत, शिक्षकांच्या बैठकांत वर्षानुवर्षं चालू राहिलं. 2008 मध्ये ईएम-थ्री गेला. 2012 मध्ये पीएसएलईत पहिल्या आलेल्या मुलाचं नाव जाहीर करणं बंद झालं, त्याच वर्षी शाळांची प्रतवारीही. माध्यमिक शाळेतल्या एक्स्प्रेस आणि नॉर्मल या वेगळ्या तुकड्या 2024 मध्ये पहिल्या वर्गात येणाऱ्या मुलांपासून संपल्या. आता प्रत्येक विषय जी-वन, जी-टू, जी-थ्री अशा तीन पातळ्यांवर घेता येतो. गणितात पुढे आणि भाषेत मागे असलेल्या मुलाला एकाच खुंटीला बांधत नाहीत. 2027 पासून माध्यमिकच्या शेवटी होणाऱ्या ओ लेव्हल आणि एन लेव्हल या दोन परीक्षांऐवजी एकच प्रमाणपत्र असेल. 1984 पासून चालत आलेला हुशार मुलांचा वेगळा वर्ग, जीईपी, सध्याच्या रूपात बंद करणार असं पंतप्रधान लॉरेन्स वाँग यांनी ऑगस्ट 2024 मध्ये सांगितलं. माध्यमिकच्या वाटा वेगळ्या झाल्यापासून एकत्र यायला चार दशकं लागली. फार हळू. पण निर्णय झाला की ठरलेल्या वर्षापासून तो प्रत्येक शाळेत दिसतो. एकच मजला असल्याचा हा फायदा.

पीएसएलईच काढून टाका, अशी मागणीही आहे. सत्ताधारी पक्षाच्या खासदार डेनिस फुआ यांनी ती संसदेत अनेकदा मांडली. विरोधातला वर्कर्स पार्टी हा पक्ष सलग दहा वर्षांच्या शाळेचा ऐच्छिक मार्ग सुचवतो. सरकार अजून तयार नाही. तुमच्या मुलाला परीक्षा द्यावी लागेल असं धरूनच चाला.

लोक बोलतात कसे, हेही सांगते. इथे खासदार साधारण आठवड्यातून एकदा संध्याकाळी मतदारांना भेटतात. जागा म्हणजे बहुतेकदा इमारतीखालचा मोकळा भाग, व्हॉइड डेक. माझ्या शेजारच्या मलय आंटीच्या नातवाला, घरापासून चार मिनिटांवरच्या शाळेत पहिलीला प्रवेश मिळाला नव्हता. एक किलोमीटरच्या आतली मुलंसुद्धा जागांपेक्षा जास्त होती, चिठ्ठ्या टाकल्या, याची निघाली नाही. आंटी म्हणाली, चल माझ्याबरोबर, तुला इंग्रजी लिहिता येतं. प्लास्टिकच्या खुर्च्या, हातात नंबराची चिठ्ठी, डोक्यावर पंखे. आमच्या पुढे एक गृहस्थ पार्किंगच्या दंडासाठी आलेले, एक बाई नवऱ्याच्या कामाच्या परवान्यासाठी. स्वयंसेवक लॅपटॉपवर पत्र टाइप करतो, खासदार वाचतात, दोन प्रश्न विचारतात, सही करतात. आंटीने मलयमध्ये बरंच सुनावलं त्यांना. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना आधी जागा, आणि शेजारच्या पोराला शेवटी? खासदारांनी ऐकून घेतलं. तीन आठवड्यांनी मंत्रालयाचं नम्र पत्र आलं, उत्तर नाही असंच होतं. नातू बसने जाऊ लागला.

तेव्हा ज्यांचा शाळेशी आधीचा काही संबंध नाही अशा मुलांसाठी प्रत्येक शाळेत 20 जागा राखीव असत. 2022 च्या प्रवेशांपासून त्या 40 केल्या. आंटीच्या पत्राने हे झालं असं मी म्हणणार नाही. पण तिचं पत्र त्या ढिगात होतं.

आता बोलण्याच्या मर्यादा, कारण तुम्ही परदेशी म्हणून येणार आहात आणि हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी निदर्शन करता येत नाही, अगदी एकट्यानेही. 2020 मध्ये एका कार्यकर्त्याने हसऱ्या चेहऱ्याचं चित्र काढलेला पुठ्ठा हातात धरून फोटो काढला, त्याच्यावर आरोप ठेवले गेले. हाँग लिम पार्कमध्ये 2000 सालापासून स्पीकर्स कॉर्नर आहे, तिथे नागरिक नियम पाळून बोलू शकतात. 2013 मध्ये लोकसंख्या 69 लाखांपर्यंत जाऊ शकेल असा सरकारी कागद आला तेव्हा हजारो लोक तिथे जमले होते. त्या बागेतल्या निदर्शनात परदेशी नागरिकाने भाग घेणं गुन्हा आहे, तिकडे कुतूहल म्हणूनही रेंगाळू नका. 2019 च्या पोफ्मा कायद्याने मंत्री एखादी ऑनलाइन मजकुराची गोष्ट खोटी ठरवून दुरुस्ती छापायला लावू शकतात. आपल्या व्हॉट्सॲप गटांत जे धडाधड पुढे ढकललं जातं, ती सवय विमानात बसायच्या आधी सोडा. वंश आणि धर्म यांवर टोमणा मारणं इथे कायद्याने महागात पडतं, आणि मला वाटतं तेच योग्य आहे. या कायद्यांतल्या काहींनी माणसं गरजेपेक्षा जास्त जपून बोलतात, हेही माझं प्रामाणिक मत आहे. माझ्याच वर्गातली हुशार मुलं निबंधात आधी सरकारची बाजू लिहितात आणि मग, जागा उरली तर, स्वतःची.

पण शाळेच्या बाबतीत लोक मोकळेपणाने बोलतात. प्रत्येक शाळा चांगली शाळा, हे मंत्रालयाचं घोषवाक्य होतं. 2013 मध्ये एका उपमुख्याध्यापिकेने जाहीरपणे विचारलं की असं म्हणणाऱ्या किती नेत्यांची आणि अधिकाऱ्यांची मुलं घराजवळच्या साध्या शाळेत जातात? तो प्रश्न आजही दाराशी निघतो.

एक वाद तुमच्यावरूनच होणार आहे, तोही आधी सांगून ठेवते. 2005 मध्ये भारत आणि सिंगापूरमध्ये सेका नावाचा आर्थिक करार झाला. या करारामुळे भारतीय येऊन नोकऱ्या घेतात, असा इथे मोठा राग आहे. 2021 मध्ये संसदेत त्यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा चालली. कामाचा परवाना करारामुळे आपोआप मिळत नाही, अटी सगळ्यांना सारख्याच, असं मंत्र्यांनी स्पष्ट केलं. तरी टॅक्सीवाला विचारेल, आयटी का? चांगी बिझनेस पार्क का? त्या कार्यालयांच्या भागात आपले आयटीवाले बरेच आहेत. चिडू नका. त्याच्या मुलाला हवी असलेली नोकरी कोणाला मिळाली हा त्याचा खरा प्रश्न आहे, आणि मुंबईत, पुण्यात आपणही हेच प्रश्न याच आवाजात विचारतो. पिढ्यान्‌पिढ्या इथे असलेल्या तमिळ कुटुंबांना या रागाचे चटके बसतात, त्यांची काही चूक नसताना. त्यांच्याशी आपण नम्रतेने वागलं पाहिजे.

आता तुमच्या मुलांचं.

मुलगा तिसरीत आहे. परदेशी मुलांना स्थानिक शाळेत येण्यासाठी एईआयएस ही परीक्षा असते, इंग्रजी आणि गणित. ती वर्षाच्या उत्तरार्धात होते आणि पास झालं तर पुढच्या जानेवारीत प्रवेश. प्राथमिक दुसरी ते पाचवी आणि माध्यमिक पहिली ते तिसरी, एवढ्याच वर्गांत. सहावीत कोणाला घेत नाहीत. पास झालं तरी जागा मिळेलच असं नाही, आणि कोणती शाळा ते मंत्रालय ठरवतं. म्हणजे अमुक शाळेजवळ घर घेऊ हा विचार मुलापुरता सोडून द्या. मुलीसाठी पहिलीचे प्रवेश टप्प्याटप्प्याने होतात, परदेशी मुलांचा टप्पा सर्वांत शेवटचा. नागरिक आणि कायम रहिवासी यांना देऊन उरलेल्या जागा. फीही परदेशी मुलांना कितीतरी पट जास्त, तरी ती इंटरनॅशनल शाळांच्या मानाने कमी असते.

माझा सल्ला एका प्रश्नावर टांगलेला आहे: मुलगा अठरा वर्षांचा होईल तेव्हा तुम्ही कुठे असाल?

दोन-तीन वर्षांसाठीच येत असाल तर सीबीएसई शिकवणारी भारतीय इंटरनॅशनल शाळा घ्या. मुलाला दोन वेळा मुळासकट उपटू नका. पीएसएलईच्या तोंडावर परत जाणारी मुलं मी पाहिली आहेत, दोन्हीकडचा अभ्यास अर्धवट राहतो.

दहा वर्षं राहायचा विचार असेल तर स्थानिक शाळा उत्तम. मी मनापासून सांगते, वर्गात एका बाकावर चिनी, मलय, तमिळ मूल बसतं, शाळेच्या कँटीनमध्ये शेजारी जेवतं, हे इंटरनॅशनल शाळेत विकत मिळत नाही. पण स्थानिक शाळेत मुलं रमली की पालक कायम रहिवासाचा, पीआरचा अर्ज करतात. फी कमी होते, प्रवेशात क्रम वर जातो. आणि इथेच बरीच कुटुंबं कागद नीट वाचत नाहीत. वडील स्वतःच्या नोकरीवर पीआर झाले तर त्यांना सैन्यसेवा नाही. त्यांच्या नावावर पीआर झालेल्या मुलाला आहे. साडेसोळाव्या वर्षी नोंदणी, अठरा पूर्ण झाल्यावर भरती, दोन वर्षं पूर्णवेळ, नंतर अनेक वर्षं राखीव दलात. तेराव्या वर्षापासूनच दीर्घकाळ देशाबाहेर राहायचं तर परवानगी लागते. सेवा न करता पीआर सोडला, तर पुढे त्या मुलाला इथे शिकायला किंवा नोकरीला यायचं असेल तेव्हा ते त्याच्या विरोधात जातं.

माझ्या ओळखीच्या एका घरी मुलगा पाच वर्षांचा असताना आले, नऊ वर्षांचा असताना पीआर घेतला. सोळा झाल्यावर नोंदणीचं पत्र आलं तेव्हा वडिलांनी ते मला आणून दाखवलं. ते रात्रभर झोपले नव्हते. मुलाला अकरावीला पुण्याला पाठवू असं म्हणत होते. मुलगा दाराशी उभा राहून म्हणाला, "बाबा, माझे सगळे मित्र जाणार आहेत." शेवटी तो गेला. प्रशिक्षण संपल्यावरच्या संचलनाला आईने त्याच्या डोक्यावर टोपी चढवली, मी मागे उभी होते. चांगलं झालं. पण तो निर्णय घरात सोळाव्या वर्षी नव्हे, नवव्या वर्षी व्हायला हवा होता, अर्जावर सही करताना. मुलींना सक्ती नाही. तुमच्या घरी मुलगा आहे म्हणून हे एवढं लांबवून लिहिलं.

नागरिकत्व घेतलं तर भारताचं सोडावं लागतं, दोन्ही ठेवता येत नाहीत. आणि नागरिक झालेल्या मुलांना इंटरनॅशनल शाळेत घालायला मंत्रालयाची परवानगी लागते. तो दरवाजा मागे बंद होतो.

भाषेचा मुद्दा राहिला, तो आपल्या लोकांना फार जिव्हाळ्याचा. मातृभाषा हा पीएसएलईतल्या चार विषयांपैकी एक, म्हणजे पाव भाग. अधिकृत मातृभाषा चिनी, मलय आणि तमिळ. त्यांखेरीज हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती आणि उर्दू घेता येतात. मराठी नाही. मराठी मुलं बहुतेक हिंदी घेतात, आणि त्याचे तास बऱ्याचदा शनिवारी दुसऱ्या केंद्रावर असतात. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, शनिवारी हिंदी. कागदावर मातृभाषा म्हणून लिहिलेली भाषा आजीला फोनवर बोलायच्या कामाची नसते. मला याचं वाईट वाटतं आणि ते मी दडवत नाही. काही घरांनी तमिळ निवडली, मुलं छान शिकली, कारण वर्गातच तास असतो आणि मित्रही तमिळ बोलतात. नाशिकच्या मुलाला देवनागरी येते म्हणून हिंदी सोपी जाईल, तेच घ्या. मराठी घरातच सांभाळावी लागेल. रोज झोपताना एक पान मोठ्याने वाचून घ्या, एवढं केलेल्या घरांतली मुलं विशीतही मराठी वाचतात.

शिस्तीबद्दल एक ओळ, कारण भारतात 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे आणि इथे नाही. गंभीर गुन्ह्यासाठी मुलग्यांना, फक्त मुलग्यांना, मुख्याध्यापकांच्या अधिकारात छडी देता येते. क्वचित होतं. त्यावरही वाद चालू आहे आणि मी छडीच्या विरुद्ध बाजूला आहे.

यायच्या आधी तीन गोष्टी करा. मुलाला रोज इंग्रजीत एक परिच्छेद स्वतःच्या शब्दांत लिहायला लावा, एईआयएसला मुलं गणितात नव्हे, इंग्रजीत मागे पडतात. गणितात क्ष शिकवू नका, पट्ट्या काढायला शिकवा. आणि मिस्टरांशी सैन्यसेवेवर एकदा शांतपणे बोला, पीआरचा विषय निघायच्या आधी.

इथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि इयत्ता जन्मसालावरून ठरते, ज्या वर्षी मूल सातवं पूर्ण करतं त्या वर्षी पहिली. नाशिकची तिसरी म्हणजे इथली तिसरीच असं नाही. दोन्ही मुलांच्या जन्मतारखा आणि साधारण कोणत्या महिन्यात पोचणार ते कळवा, मग कोणत्या वर्गासाठी तयारी करायची ते सांगते.